गाडीला टर्बो किट बसवायचंय? पॉवर वाढते, पण त्यासोबत आणखी काय काय बदलतं?

टर्बो हा शब्द संग्रामपूरला नवा नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यातून कापूस भरून जाणारा ट्रक असो किंवा लग्नाचं वऱ्हाड नेणारी डिझेल जीप, अशा बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली टर्बोचार्जर असतोच.

आता समजा, याच गावातल्या एखाद्या तरुणाने जुनी स्पोर्ट्‌स कार किंवा होंडा सिटीसारखी पळायला चांगली पेट्रोल सेदान घेतली. इंटरनेटवर त्याला टर्बो किट दिसतं. एका खोक्यात सगळे पार्ट, दोन-चार दिवसांचं काम आणि ३०-४० टक्के जास्त पॉवर. रोज रस्त्यावर चालवायची आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर न्यायची, असा त्याचा बेत आहे.

हे शक्य आहे का? तांत्रिकदृष्ट्या हो. पण टर्बो बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्यानंतर पेट्रोलपासून ब्रेकपर्यंत आणि विम्यापासून आरसी बुकपर्यंत काय बदलतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनात पेट्रोल जळायला हवा लागते. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल, तेवढ्यावरच चालतं. जास्त पॉवर हवी असेल तर जास्त पेट्रोल जाळावं लागतं आणि त्यासाठी जास्त हवा लागते.

टर्बोचार्जर ही जास्तीची हवा पुरवतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटी चक्री फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेली चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. या चक्र्या मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं होतं.

हवा किती दाबली जाते, त्याला बूस्ट म्हणतात. ०.५ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण निम्मा दाब जास्त. कागदावर त्यातून ५० टक्के जास्त पॉवर मिळायला हवी. प्रत्यक्षात मिळते त्यापेक्षा कमी, कारण हवा दाबली की ती तापते.

वऱ्हाडातलं ऊन इथे आडवं येतं

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं. टर्बोमध्ये हेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

थोडा हिशेब करून पाहू. बाहेर १५ अंश सेल्सिअस तापमान असेल आणि टर्बो साधारण ७० टक्के कार्यक्षमतेने काम करत असेल, तर ०.५ बार बूस्टला त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे ६५ अंशांवर जाते. मे महिन्यात संग्रामपूर-अकोला पट्ट्यात पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा तीच हवा १०० अंशांच्या आसपास पोहोचते.

गरम हवा विरळ असते. टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच, ४५ अंशांच्या हवेत १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के कमी ऑक्सिजन असतो. म्हणजे थंड देशातल्या गॅरेजने जाहिरातीत दिलेला पॉवरचा आकडा वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तसाच मिळत नाही.

म्हणून किटमध्ये इंटरकूलर लागतो. हा रेडिएटरसारखाच दिसतो, पण तो पाण्याऐवजी इंजिनात जाणारी हवा थंड करतो. किट स्वस्त करताना सगळ्यात आधी काटछाट होते ती अनेकदा याच्याच आकारात.

इंजिन फुटतं ते कशामुळे?

टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगने पेटवलेली आग पसरत असतानाच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं. बाहेर फक्त टकटक ऐकू येते, पण आत पिस्टनवर हातोडीसारखे घाव बसत असतात. हे काही सेकंद जोरात चाललं तरी पिस्टन तडकू शकतो.

नॉकिंग वाढवणाऱ्या गोष्टी तीन: गरम हवा, जास्त दाब आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल. टर्बो किट पहिल्या दोन गोष्टी एकदमच वाढवतं.

त्यातही साध्या इंजिनाची अडचण मोठी असते. ही इंजिनं मुळातच मिश्रण जास्त दाबणारी असतात. टोयोटा जीटी८६ या स्पोर्ट्‌स कारचं उदाहरण घ्या. तिच्या टर्बो नसलेल्या २ लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे. म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण साडेबारा पटीने दाबलं जातं. आत जाणारी हवाच टर्बोने आधी दाबून पाठवली, तर सुरक्षित अंतर फारच थोडं उरतं.

मग डिझेल ट्रकला हा त्रास का होत नाही? कारण डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते आणि डिझेल नेमक्या क्षणी फवारलं जातं. वेळेआधी भडकायला आत इंधनच नसतं. त्यामुळे ‘ट्रकला टर्बो चालतो, मग माझ्या गाडीला का नाही?’ ही तुलना लागू पडत नाही.

पेट्रोल कुठे भरणार?

टर्बो किटसोबत गाडीच्या ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करावं लागतं. किती पेट्रोल फवारायचं आणि स्पार्क कधी द्यायचा, हे नव्याने ठरवावं लागतं. जास्त पेट्रोल लागणार म्हणून मोठे इंजेक्टर आणि बहुतेकदा मोठा पंपही लागतो.

हे ट्यूनिंग एका ठरावीक पेट्रोलसाठी केलेलं असतं. इंडियन ऑइलने २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० पेट्रोल बाजारात आणलं, तेव्हा सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होते. समजा, पुण्यात हे पेट्रोल भरून गाडी ट्यून केली आणि गावी परतल्यावर पंपावर साधं पेट्रोल भरलं. आता कॉम्प्युटर १०० ऑक्टेन समजून चालतोय आणि टाकीत आहे वेगळंच. नॉकिंगची सुरुवात इथून होऊ शकते.

इथेनॉलमुळे आणखी एक बाब येते. इथेनॉल ऑक्टेन वाढवतं, पण तेवढ्याच हवेसाठी ते पेट्रोलपेक्षा जास्त प्रमाणात लागतं. त्यामुळे ट्यूनिंग करताना आपल्याकडे मिळणारं २० टक्के इथेनॉलचं मिश्रण धरूनच इंधनाचा हिशेब व्हायला हवा.

१९६२ चा धडा

ही अडचण मोठ्या कंपन्यांनाही आली आहे. जनरल मोटर्सने अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो कार आणली. टर्बो असलेल्या जगातल्या पहिल्या विक्रीच्या कारांपैकी ती एक. ३.५ लिटर इंजिन, २१५ हॉर्सपॉवर आणि १०.२५ ला १ असं चढं कॉम्प्रेशन.

नॉकिंग टाळण्यासाठी कंपनीने वेगळी टाकी दिली होती. तिच्यातून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारलं जायचं. ही टाकी मालकाने भरत राहायची होती. बरेच मालक ती भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कमी करायची आणि मालक तक्रार करायचे की पॉवर नाही. पुढच्याच वर्षी हे मॉडेल बंद झालं. नंतर अनेक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधे कार्ब्युरेटर बसवले गेले.

कागदावर गणित बरोबर होतं. रोजच्या वापरात माणूस काय करतो, तेवढं त्यात धरलेलं नव्हतं.

कंपनी टर्बो लावते तेव्हा काय करते?

आपल्याकडचं उदाहरण टियागो जेटीपीचं. टाटा मोटर्स आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्हज यांच्या भागीदारीतून ऑक्टोबर २०१८ मध्ये ही गाडी आली. साध्या पेट्रोल टियागोची ताकद ८५ पीएस आणि टॉर्क ११४ न्यूटन मीटर. जेटीपीची ताकद ११४ पीएस आणि टॉर्क १५० न्यूटन मीटर. म्हणजे पॉवरमध्ये सुमारे ३४ टक्के वाढ, जवळपास टर्बो किटच्या जाहिरातीत असते तेवढीच.

पण त्यांनी जुन्या इंजिनावर टर्बो चढवला नाही. टर्बोसाठीच बनवलेलं १.२ लिटरचं वेगळं इंजिन घातलं. त्यासोबत गिअरचं गुणोत्तर बदललं, सस्पेन्शन नव्याने जुळवलं, गाडी किंचित खाली आणली आणि रुंद टायर दिले. शिवाय सगळी गाडी नियमानुसार मंजूर होऊनच शोरूममध्ये आली.

किट घेणाऱ्याला यातलं बरंचसं काम स्वतःच्या खर्चाने करावं लागतं. वाढलेल्या टॉर्कने जुना क्लच घसरायला लागतो. गिअरबॉक्सलाही मर्यादा असते. टर्बोला इंजिनचंच ऑइल लागतं आणि पेट्रोल गाडीच्या धुराचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, त्यामुळे ऑइल लवकर बदलावं लागतं. एअर फिल्टर निकृष्ट असेल तर कच्च्या रस्त्यावरची धूळ थेट त्या दीड लाख फेऱ्यांच्या चक्रीवर आदळते.

ब्रेकचं गणित तर आणखी सरळ आहे. १०० ऐवजी १४० च्या वेगाने गाडी थांबवायची तर ब्रेकला जवळपास दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. वेग ४० टक्के वाढला, पण ब्रेकवरचा भार ९६ टक्के.

रस्ता आणि ट्रॅक, एकाच गाडीत?

रस्त्यावर फुल ॲक्सिलरेटर सलग पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबला जात नाही. तिथे लवकर फिरणारा छोटा टर्बो आणि कमी बूस्ट बरा. ट्रॅकवर मात्र इंजिन पंधरा-वीस मिनिटं पूर्ण ताकदीच्या आसपास चालतं. ऑइल, पाणी, इंटरकूलर आणि ब्रेक सगळेच तापतात. रस्त्यावर सहा महिने ठणठणीत वाटलेली गाडी ट्रॅकवर दहा मिनिटांत मान टाकू शकते. ट्रॅकसाठी ऑइल कूलर, मोठा इंटरकूलर, कडक सस्पेन्शन आणि वेगळे ब्रेक पॅड लागतात. हेच सामान खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि गर्दीत त्रासाचं ठरतं.

अंतराचाही प्रश्न आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे देशातले नावाजलेले ट्रॅक. संग्रामपूरहून तिन्ही हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. तेवढं अंतर तीच गाडी चालवत जायचं, ट्रॅकवर ताणायची आणि चालवतच परत यायचं, ही इंजिनाची खरी परीक्षा असते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीमध्ये नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग सीएनजी किट कसं चालतं? कारण त्यासाठी कायद्यातच वेगळी तरतूद आहे. मंजूर किट, नियमानुसार बसवणं आणि आरसीवर नोंद अशी ठरलेली वाट आहे. पॉवर वाढवण्यासाठी लावलेल्या टर्बो किटला तशी वाट नाही. नुसतं पीयूसी मिळालं म्हणजे बदल कायदेशीर झाला, असंही होत नाही.

विम्याचा मुद्दा यापेक्षा महागात पडू शकतो. न कळवलेला बदल अपघातानंतरच्या तपासणीत दिसला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. शिवाय नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर भिंतीला घासलेला दरवाजाही बहुधा स्वतःच्याच खिशातून.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ लागतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बुलडाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरही कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि तेवढा वेग जुनी सेदान टर्बोशिवायही गाठते.

मग करायचं काय?

रस्त्यावरच जास्त पॉवर हवी असेल, तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी हा सरळ मार्ग. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देतं. वापरलेल्या गाड्यांमध्ये पोलो जीटी टीएसआय मिळू शकते.

ट्रॅकचीच ओढ असेल, तर टर्बोची गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवायची आणि ट्रेलरवरून न्यायची. त्यातही क्रम महत्त्वाचा. आधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, कारण झिजलेल्या इंजिनावर टर्बो म्हणजे पैसे पाण्यात. मग ब्रेक, टायर आणि कूलिंग. त्यानंतर टर्बो, तोही कमी बूस्टवर. ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चालवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, आणि तेही प्रत्यक्षात वापरणार त्याच पेट्रोलवर.

आणि पैसे कमी असतील तर? तेच पैसे चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि एका ट्रॅक ट्रेनिंगवर खर्च करता येतात. यात आरसी बदलत नाही, इंजिन उघडावं लागत नाही, आणि ट्रॅकवरचा लॅप टाइम बहुतेक नवख्यांचा आधी यानेच कमी होतो.