मजुराचे रक्त कोण तपासणार?

‘डॉक्टर, औषध मारून आलो आणि गरगरायला लागलं.’ ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू झाल्या की निफाड-दिंडोरीकडचे रुग्ण हे वाक्य बोलतच दवाखान्यात शिरतात. शेतकरी ज्याला ‘औषध’ म्हणतो ते शरीराच्या दृष्टीने विषच असते. दरदरून घाम, तोंडाला लाळ, छातीत घरघर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या ही ऑर्गनोफॉस्फरस गटातील विषबाधेची लक्षणे होत. रक्तातील व मज्जातंतूंतील कोलिनेस्टरेज हे द्रव्य त्यामुळे निकामी होते.

हे विष पोटात गेले तरच बाधते, असा गैरसमज आहे. घामाने भिजलेल्या कातडीतून आणि श्वासातूनही ते शरीरात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले, ते असेच.

मग कायदा नाही का? आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण ही त्याच कायद्याखालील नियमांची देणगी. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. शिवाय फवारणीच्या कामावर असणाऱ्यांची नेमणुकीपूर्वी व नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी, असेही १९७१ चे नियम सांगतात. इतक्या वर्षांच्या व्यवसायात अशा तपासणीसाठी मालकाने पाठवलेला एकही मजूर माझ्याकडे आलेला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि निर्यात अडचणीत आली. लगोलग निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू झाली. परदेशी गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी घेतली गेली, हे योग्यच झाले. परंतु त्याच मेथोमिलवर आपल्या देशात बंदी आली २०२३ साली. मधली वीस वर्षे ते अंगावर घेतले फवारणाऱ्याने!

बंदीची वाट पाहत बसू नये. फवारणी सकाळी, वाऱ्याची दिशा पाहून करावी. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, नाकातोंडावर योग्य मास्क, डोळ्यांना चष्मा हवाच. काम चालू असताना तंबाखू, विडी, खाणे-पिणे वर्ज्य. नोझल तोंडाने फुंकू नये. त्रास वाटताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये आणि रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. सोबत बाटली किंवा तिचे लेबल अवश्य आणावे. कोणते विष हे कळले तर ॲट्रोपिनसारखा उतारा देण्यात वेळ जात नाही.

बागाईतदार मित्रांनो, हंगामात द्राक्षांचा नमुना आपण प्रयोगशाळेत पाठवताच. तसाच फवारणी करणाऱ्या गड्याच्या रक्ताचा नमुनाही हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात एकदा कोलिनेस्टरेजसाठी पाठवा. पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा बराच खाली आला असेल, तर त्याला फवारणीवरून काढून दुसरे काम द्या. मजुरी मात्र कापू नका.