छत्तीस आणि एकशे सहा

१९६२ साली ग्रँड टुरिंग गटातल्या शर्यतीत उतरायचं, तर त्या मोटारीच्या किमान शंभर प्रती बनवणं सक्तीचं होतं. इटलीतल्या मारानेल्लोच्या फेरारी कंपनीने '२५० जीटीओ' बनवल्या अवघ्या ३६! तरीही ती शर्यतीत धावली, कारण ही नवी मोटार आहे हे कंपनीने मान्यच केलं नाही. आपल्या जुन्याच '२५० जीटी'ला नवा साज चढवलाय, हा तिचा दावा परवाना देणाऱ्यांनी चालवून घेतला. मग १९६२ ते १९६४ अशी सलग तीन वर्षं आपल्या गटाचं जगज्जेतेपद तिच्याकडेच राहिलं.

बारा सिलिंडर, प्रत्येकी साधारण २५० घनसेंटिमीटरचा. म्हणून नाव २५०. तीन लिटरच्या त्या इंजिनाची ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. मोदेनातल्या स्काल्येत्तींच्या कारागिरांनी ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून तिची बॉडी घडवली, त्यामुळे दोन जीटीओ हुबेहूब सारख्या सापडत नाहीत. मौज म्हणजे, समोरच्या पॅनेलवर वेग दाखवणारा काटाच नाही. गिअर कधी बदलायचा हे इंजिनाच्या फेऱ्यांवरून कळतं. शर्यतीत तेवढं पुरे.

अशाच मोजक्या बनलेल्या दुसऱ्या एका मोटारीच्या जन्मकथेतही फेरारी डोकावतेच. १९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामात ब्रिटनच्या मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हुकली ती एकच, इटलीतल्या मोंझाची, आणि तिथे पहिले दोन्ही क्रमांक फेरारीने पटकावले. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारींना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मोंझाहून परतताना मॅक्लारेनच्या मंडळींचं विमान मिलानच्या विमानतळावर रखडलं. त्या रिकाम्या वेळात डिझायनर गॉर्डन मरे आणि त्यांच्या वरिष्ठांमध्ये गप्पा रंगल्या : रस्त्यावर चालवायची सर्वोत्तम मोटार आपणच का बनवू नये?

१९९२ मध्ये 'मॅक्लारेन एफ१' जगापुढे आली. चालक मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मागे. सांगाडा कार्बन फायबरचा. रस्त्यावरच्या मोटारीत असा सांगाडा तेव्हा दुर्मीळच होता. टर्बो नसलेलं बीएमडब्ल्यूचं बारा सिलिंडरी इंजिन ६२७ अश्वशक्तीचं. त्याची धग परतवायला इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा पातळ वर्ख लावला, दीडेक तोळ्याचा!

खरी किमया वजनाच्या हिशोबात आहे. जीटीओत एका अश्वशक्तीच्या वाट्याला सुमारे तीन किलो वजन येतं, एफ१मध्ये दोन किलोहूनही कमी. वेगाचं म्हणाल, तर १९९८ मध्ये जर्मनीतल्या चाचणीपथावर एफ१ने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. त्याआधी, १९९५ मध्ये, तिच्या शर्यतीसाठी तयार केलेल्या आवृत्तीने फ्रान्समधल्या ल मांची चोवीस तासांची शर्यतही जिंकली होती. मूळ आराखड्यात शर्यतीचा विचारच नव्हता, हे विशेष.

एफ१ एकूण १०६ बनल्या. नव्वदीच्या सुरुवातीच्या मंदीत पाच लाख पौंडांहून महाग मोटारीला पुरेसे ग्राहक मिळेनात. जीटीओ शर्यतीतून निवृत्त झाल्यावर काही हजार डॉलर्सनाही हात बदलत होती. तीच २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर्सना गेली; २०२१ मध्ये एका एफ१ला दोन कोटींहून अधिक डॉलर्स मिळाले. हल्ली कंपन्या 'मर्यादित आवृत्ती'चा आकडा आधी जाहीर करतात आणि मोटार नंतर दाखवतात. या दोघींच्या बाबतीत आकडा ठरवला तो एकदा पळवाटेने, एकदा मंदीने. बनवणाऱ्यांचं सगळं लक्ष ग्रॅम-ग्रॅम वजन घटवण्यात गुंतलेलं होतं.