पिस्त्याची गोडी आणि चारोळीचे मोल



कामगार चळवळीतल्या माणसाने पिस्त्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पिस्ता हे श्रीमंताचे खाणे असले, तरी त्याचे नाव आणि त्याचा हिरवा रंग गरिबाच्या कुल्फीपर्यंत पोचला आहे. तेव्हा ही भुरळ कशाची, ते पाहिले पाहिजे.

पहिले कारण टरफलाचे. झाडावर असतानाच आतला गर वाढून कवचाला तडा देतो. इराणात अशा उकललेल्या पिस्त्याला ‘हसरा’ म्हणतात. खारा पिस्ता एकेक करून सोलावा लागतो, म्हणून हात गुंततो आणि गप्पा रंगतात. बोटाला मीठ लागते. गरात जवळजवळ निम्मे तेल असल्यामुळे जिभेवर स्निग्ध गोडी रेंगाळते.

दुसरे कारण रंगाचे. पानातले हरितद्रव्यच या गरात असते. पांढऱ्या बासुंदीवर, केशरी श्रीखंडावर त्याचे काप उठून दिसतात. परंतु आचेने हा रंग फिका पडतो, आणि स्वादही मुळात सौम्य. म्हणून स्वस्त मालात पुष्कळदा हिरवा रंग व इसेन्स घालून काम भागवतात. बंद डब्यावर तसे छापण्याचे कायद्याने बंधन आहे. ती बारीक अक्षरे वाचीत जा.

तिसरे कारण दुर्मिळतेचे. या झाडाला कडक थंडी आणि कोरडा उन्हाळा, दोन्ही लागतात. यवतमाळात उन्हाळा हवा तेवढा आहे, तशी थंडी नाही! १९३० च्या सुमारास इराणातून बी अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियात पहिले व्यापारी पीक निघाले ते १९७६ साली. इतक्या दुरून आलेल्या जिनसेला भाव चढणारच.

आता जवळ पाहू. पिस्ता, आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडे; आपल्या विदर्भाच्या जंगलातली चारोळीही त्याच कुळातली. ती मात्र आपोआप उकलत नाही. वसंतात आपण इथे व्याख्याने ऐकतो, त्याच सुमारास भर उन्हात आदिवासी स्त्रीपुरुष तिची फळे वेचतात आणि कठीण कवच फोडून दाणा काढतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मानला. २०१३ साली आलेल्या आधारभूत किमतीच्या योजनेत चारोळीचाही समावेश झाला. परंतु कागदावरचा हक्क पदरात पडायला संघटना लागते, हा आम्हा कामगारांचा जुना अनुभव आहे.

पिस्ता आवडीने खा. फक्त बासुंदीवर चारोळी पेराल तेव्हा दुकानदाराला दिलेल्या रुपयातले वेचणारीच्या हाती किती पडले, एवढे विचारा. विचारणारे वाढले, म्हणजे तिच्या मागणीलाही बळ येईल.