स्वस्त पडते म्हणजे नेमके काय?
ज्येष्ठांच्या घराचा किराणा : सवलतीचे दालन, नेहमीचे सुपरमार्केट आणि कोपऱ्यावरचा वाणी

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत आईच्या स्वयंपाकघरातील वरचे फडताळ उघडले आणि मी काही वेळ नुसतीच पाहत उभी राहिले. पाच लिटर तेलाचा अर्धा सरलेला डबा, ‘एकावर एक मोफत’ म्हणून आणलेले ओट्सचे पुडे, त्यांतले दोन मुदत उलटून गेलेले, खवट वासाच्या शेंगदाण्यांची भरलेली बरणी आणि जाळी धरलेले गव्हाचे पीठ. हे सारे मीच आणून दिलेले होते. महिन्यातून एकदा, रविवारी, सवलतीच्या मोठ्या दालनातून. बिलाच्या तळाशी ‘आपण इतके रुपये वाचवले’ असे छापून येई आणि एकट्या राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईची आपण उत्तम व्यवस्था करीत आहोत, असे समाधान मला वाटे.

मी टाकायची पिशवी उघडली, तशी आई म्हणाली, “अगं, पीठ चाळून घेतलं की चालतं. आणि दाणे भाजले की वास जातो. एवढ्या मोलाचं टाकायचं कसं?”

त्या एका वाक्याने माझा सारा हिशोब उलटा झाला. तरुणांच्या घरात जादा आणलेले अन्न कचऱ्याच्या डब्यात जाते. टंचाई आणि रेशनच्या रांगा पाहिलेल्या पिढीच्या घरात मात्र ते पोटात जाते. म्हणूनच ज्येष्ठांच्या घरासाठी ‘कुठे स्वस्त मिळते?’ हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. तो प्रकृतीचाही होतो.

सवलतीचे दालन स्वस्त कसे?

स्वस्त म्हणजे हलक्या प्रतीचे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. महाराष्ट्रात सवलतीच्या खरेदीचे सर्वांत परिचित नाव म्हणजे डी-मार्ट. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवई येथे त्याचे पहिले दालन उघडले. या पद्धतीच्या व्यापाराचे गणित सरळ आहे : बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी, सजावट बेताची, प्रत्येक वस्तूचे मोजकेच प्रकार, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून मिळवलेला कमी दर, आणि मालाची जलद उलाढाल. एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा साबण किंवा चहा तिथे स्वस्त मिळाला, तर तो निराळा साबण वा निराळा चहा नसतो.

मॉलमधील नेहमीच्या सुपरमार्केटचा खर्च वेगळ्या गोष्टींवर होतो : अधिक प्रकार, रुंद वाटा, कमी गर्दी, मदतीला माणूस, घरपोच सेवा. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या व्यक्तीस या गोष्टींचे मोल आहे, आणि ते वस्तूंच्या किमतीतून घेतले जाते. ते मोजावे की न मोजावे, हा ज्याचा त्याचा निर्णय. मात्र आपण वस्तूसाठी किती देतो आणि सोयीसाठी किती, हे ठाऊक असावे.

दालन कोणतेही असो, ते चालते ते ग्राहकाने यादीबाहेरचे काही उचलल्यामुळे. दारापासून बिलाच्या खिडकीपर्यंतची मांडणी त्याच हेतूने केलेली असते. बिस्किटे, फरसाण, चॉकलेटे हाताशी येतात, ती योगायोगाने नव्हे.

छापील किमतीचा भुलावा

बिलावरील ‘बचत’ ही बहुधा कमाल किरकोळ किमतीशी तुलना करून काढलेली असते. ती किंमत ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे. २०० रुपये छापील किमतीची वस्तू वीस टक्के सवलतीने १६० रुपयांना मिळाली आणि तशीच दुसरी, १५० रुपये छापलेली, सवलतीविना मिळाली, तर दुसरीच स्वस्त. सवलत किती मिळाली, यापेक्षा आपण दिले किती आणि त्यात वजन किती आले, एवढेच पाहावे.

पाकिटबंद वस्तूंवर आता एककाचा दरही छापलेला असतो. एक किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर तो प्रति ग्रॅम, अधिक वजनाच्या पाकिटावर प्रति किलो असतो. त्यामुळे अर्ध्या किलोच्या डाळीवर ‘०.१८ रुपये प्रति ग्रॅम’ असे दिसते, तर पाच किलोच्या पिशवीवर ‘१६० रुपये प्रति किलो’. पहिल्या आकड्याला एक हजाराने गुणले की १८० रुपये किलो हा भाव निघतो आणि तुलना शक्य होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा दर छापील किमतीवरून काढलेला असतो. सवलतीनंतरचा खरा दर आपला आपणच काढावा लागतो.

तेलाच्या बाबतीत अधिक सावध असावे. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पिशव्या मात्र ८०० किंवा ८५० ग्रॅमच्याही मिळतात आणि दिसायला त्या सारख्याच असतात. समजा, ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आहे आणि ८०० ग्रॅमची १३६ रुपयांना. दुसरी चौदा रुपयांनी स्वस्त वाटते. प्रत्यक्षात पहिली किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसरी १७०.

मोठा पुडा, लहान घर

तूरडाळीचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, एक किलोचे पाकीट १७० रुपयांना आणि पाच किलोची पिशवी ८०० रुपयांना आहे. पाच पाकिटांऐवजी पिशवी घेतल्यास ५० रुपये वाचतात. परंतु घरी दोनच माणसे, त्यांचे जेवण बेताचे आणि पावसाळा तोंडावर. शेवटच्या एका किलोला कीड लागली, तर उपयोगात आलेली डाळ चार किलो, म्हणजे तिचा भाव २०० रुपये किलो. स्वस्त पिशवी सर्वांत महाग ठरली.

तेलाचा हिशोब तर याहून बोलका आहे. बैठे जीवन असलेल्या स्त्रीस रोज साधारण २० ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे चार चमचे तेल-तूप पुरेसे मानले जाते. त्या मानाने पाच लिटरचा डबा एकट्या व्यक्तीस सात महिन्यांहून अधिक पुरेल. डबा उघडल्यावर हवा, उजेड आणि गॅसजवळची उष्णता यांनी तेल खवट होऊ लागते. ते दीड-दोन महिन्यांत संपावे, हे बरे. म्हणजे आईच्या घरी एक लिटरची पिशवीच योग्य होती. शिवाय भरलेला डबा फडताळातून उतरवताना कंबरेत उसण भरली किंवा तोल गेला, तर त्या दुखण्याची किंमत कोणत्याच सवलतीत भरून निघत नाही.

पाकिटावरची मुदत ही न उघडलेल्या पाकिटासाठी असते, हेही आपण विसरतो. गव्हाच्या पिठात गव्हातील स्निग्धांश असतो, म्हणून दमट हवेत ते लवकर खराब होते. दाण्यांचा धोका त्याहून मोठा. ओलसर साठवणीत शेंगदाण्यांवर येणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृतास अपाय करणारे विष निर्माण करतात, आणि ते भाजल्याने वा शिजवल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. कडवट, काळपट, सुरकुतलेले वा बुरशी आलेले दाणे निवडून वापरू नयेत, टाकूनच द्यावेत. हे मी आईला समजावून सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, “मग एवढे आणतेस कशाला?” प्रश्न रास्त होता.

‘एकावर एक मोफत’ दिसले, तर प्रथम तारीख पाहावी. फळीवर पुढे मांडलेली पाकिटे बहुधा आधीच्या तारखेची असतात. मागचे पाकीट घेण्यात गैर काही नाही. अक्षरे बारीक असतात, म्हणून पिशवीबरोबर चष्मा किंवा भिंग न्यावे. मोबाइलने छायाचित्र घेऊन ते मोठे करून वाचणेही सोपे पडते.

पाकिटाची मागची बाजू

दालनाच्या स्वतःच्या नावाखाली विकली जाणारी डाळ, साखर, रवा, पोहे ही अनेकदा नामांकित वस्तूंपेक्षा स्वस्त असतात. अन्नसुरक्षेचे नियम त्यांनाही लागू आहेत. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक आहे ना, तो पाहावा. साध्या, एकाच घटकाच्या पदार्थांत असा माल घेऊन पाहण्यास हरकत नाही.

अनेक घटकांच्या पदार्थांत मात्र यादी वाचल्यावाचून निर्णय करू नये. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘बहुधान्य’ म्हणवणाऱ्या बिस्किटात पहिला घटक मैदा आणि दुसरा साखर असेल, तर ते स्वस्त असो वा महाग, मधुमेही व्यक्तीच्या उपयोगाचे नाही. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला मीठ पाच ग्रॅमहून कमी असावे. म्हणजे सोडियम सुमारे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी. पापड, लोणची, फरसाण, तयार सूप यांच्या पाकिटावर सोडियमचा आकडा पाहिला, तर या मर्यादेतील किती वाटा एका वाटीत खर्च होतो, ते कळते. रक्तदाब असलेल्या घरात निम्म्या किमतीत मिळालेले फरसाण ही बचत नव्हे.

एक सूचना विशेष महत्त्वाची. ‘कमी सोडियमचे मीठ’ अधिक किमतीला मिळते आणि आरोग्यदायी म्हणून घेतले जाते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमचे क्षार असतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. वैद्यांना विचारल्यावाचून ते घरात आणू नये.

कुठून काय घ्यावे?

न नासणाऱ्या आणि निश्चित लागणाऱ्या वस्तू, म्हणजे साबण, धुण्याची पावडर, दंतमंजन, फिनेल यांच्यासाठी सवलतीचे दालन उत्तम. तीन महिन्यांतून एक फेरी पुरते. तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी करावी. रविवारच्या रांगेत वृद्ध व्यक्तीस तासभर उभे ठेवू नये. जाण्यायेण्याच्या रिक्षाला शंभर रुपये पडणार असतील आणि बचत सव्वाशेची असेल, तर फेरी न केलेलीच बरी.

पीठ, दाणे, तेल, रवा, सुकामेवा लहान प्रमाणात, जवळून घ्यावा. पाव किलो दाणे तोलून देणारा, जड पिशवी घरी पोचवणारा, खराब निघाले तर बदलून देणारा कोपऱ्यावरचा वाणी किलोमागे चार-पाच रुपये अधिक घेत असेल, तरी एकट्या माणसाला तो पुष्कळदा स्वस्तच पडतो. दोन दिवस आजी दिसल्या नाहीत, तर चौकशी करणाराही बहुधा तोच असतो.

घरपोच सेवा, पथ्याचा एखादा विशिष्ट पदार्थ किंवा लहान आकाराची पाकिटे हवी असतील, तेव्हा नेहमीचे सुपरमार्केट उपयोगी पडते. कुठूनही घेतले, तरी बिल तिथेच तपासावे. फळीवरचा दर आणि बिलातील दर जुळतो का, ते पाहावे. छापील किमतीहून अधिक पैसे घेता येत नाहीत. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यादी मात्र घरी, शांतपणे करावी. ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबांचे लहान संघ करून, महिन्याची मागणी आधी नोंदवून, एकत्रित खरेदीचा माल वाटून घेण्याची पद्धत रुजली. मागणी घरी बसून लिहिली जाते. समोर फळ्या नसतात, म्हणून मोहही नसतो. शेजारच्या दोन-तीन ज्येष्ठ घरांनी मिळून पाच किलोची पिशवी घेतली आणि वाटून घेतली, तर मोठ्या पुड्याचा दर आणि लहान पुड्याचा ताजेपणा दोन्ही पदरात पडतात.

आमच्या घरी आता यादी आई करते. फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. वस्तू उघडली की ती त्यावर तारीख लिहिते. वरचा कप्पा रिकामाच ठेवला आहे. परवा मी सवयीने विचारले, “दालनात चालले आहे, काही आणू का?” कागदाकडे पाहून ती म्हणाली, “साबण आण. दाण्यांचं मी वाण्याला सांगितलंय, पाव किलो.”