ओळंबा, तराजू आणि थंड रक्त

संकटाच्या वेळी ज्याचे मन डळमळत नाही, ज्याचा आवाज चढत नाही आणि ज्याच्या हातून घाईने चूक होत नाही, अशा माणसाचे वर्णन करण्यासाठी इंग्रजीत डझनभर तरी शब्द आहेत आणि शब्दकोशांत ते बहुधा एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले आढळतात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक शब्द शांतपणाचा उगम निराळ्या ठिकाणी मानतो: कोणी तो शरीराच्या घडणीत, कोणी कारागिराच्या हत्यारात, तर कोणी मनाच्या अभ्यासात शोधतो. हा भेद ध्यानात घेतला, तरच एखादा शब्द कौतुकाचा आहे, नुसत्या वर्णनाचा आहे की दूषणाचा, हे नेमके कळते.

शरीराशी जोडलेल्या शब्दांत 'फ्लेग्मॅटिक' हा सर्वांत जुन्या विचाराचा वारसदार आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यकाने रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव शरीरात मानले होते आणि ज्याच्या ठायी कफाचे, म्हणजे ग्रीक भाषेतील 'फ्लेग्मा'चे, आधिक्य आहे तो माणूस संथ आणि सहसा न चिडणारा असतो, अशी समजूत पुढे युरोपात रूढ झाली. आयुर्वेदाची मांडणी वेगळी असली, तरी कफप्रकृतीचा माणूस स्थिर आणि सहनशील मानण्याची रीत तिच्यातही असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. मात्र असा शांतपणा उपजत असतो, त्यामागे प्रयत्न नसतो. म्हणूनच 'फ्लेग्मॅटिक' म्हणण्यात स्तुतीबरोबर मंदपणाची छटाही डोकावते.

अठराव्या शतकात फ्रेंचमधून आलेल्या 'सांफ्र्वा' या शब्दाचा मूळ अर्थ 'थंड रक्त' असा असून धोक्याच्या प्रसंगी डोके शांत ठेवणाऱ्याच्या प्रशंसेसाठी तो वापरला जातो. परंतु 'इन कोल्ड ब्लड' हा त्याच प्रतिमेचा इंग्रजी वाक्प्रचार निर्दयपणे, विचारपूर्वक केलेल्या खुनासाठी योजतात. 'नॉनशलंट' या शब्दाच्या मुळाशीही उष्णतेचा अभाव आहे, कारण तो ज्या फ्रेंच क्रियापदापासून बनला ते 'उष्ण असणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आले. त्याने वर्णिलेला माणूस शांत असतो तो त्याला फिकीर नसते म्हणून. याउलट शांत या अर्थी सर्वाधिक वापरला जाणारा 'काम्' हा शब्द, ज्याच्या लेखनातील 'एल' उच्चारला जात नाही, बहुतेक व्युत्पत्तिकारांच्या मते कडक ऊन या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जातो. भर दुपारी वारा पडतो, माणसे आणि जनावरे सावलीला थांबतात आणि सारे निश्चल होते, त्या अवस्थेवरून तो समुद्राच्या व पुढे मनाच्या निश्चलतेला लागू झाला.

दुसरा गट कारागिरीतून आला आहे. 'अप्लॉम' या शब्दात शिसे या अर्थाचा फ्रेंच शब्द दडलेला असून त्याचा संबंध गवंड्याच्या ओळंब्याशी, म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला बांधून सोडलेल्या वजनाशी, आहे. त्यामुळे या शब्दात शांतपणाइतकाच आत्मविश्वासाचा ताठ कणाही अभिप्रेत असतो. 'पॉइज' हा शब्द तोलण्याच्या क्रियेतून आला आणि देहबोलीतील डौलदार समतोल सुचवू लागला, तर 'कम्पोजर' हा 'एकत्र मांडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून बनला. विस्कटू पाहणारे मन माणूस पुन्हा जुळवून ठेवतो, असा त्याचा आशय असल्याने खळबळ मान्य करूनही तिच्यावर मिळवलेला ताबा हा शब्द दाखवतो.

तिसऱ्या गटात मनाच्या साधनेला महत्त्व आहे. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास सायटियमच्या झेनोने अथेन्समधील एका चित्रांकित ओसरीत शिकवण्यास आरंभ केला आणि त्या ओसरीच्या 'स्टोआ' या नावावरून 'स्टोइक' हा शब्द रूढ झाला. पुढे एपिक्टेटस आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस यांनी आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे ओळखण्याचा विवेक या पंथाच्या केंद्रस्थानी ठेवला. समान आणि मन या दोन लॅटिन शब्दांपासून बनलेला 'इक्वॅनिमिटी' हा शब्द भगवद्गीतेतील समत्वाच्या कल्पनेला बराच जवळचा आहे.

या शब्दाचा सर्वांत विचारपूर्वक वापर विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी केला. 1 मे 1889 रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या वैद्यकीय पदवीधरांसमोर केलेल्या भाषणात त्यांनी दोन गुण वेगळे केले: चेहरा व हालचालींवर विचलितपणा उमटू न देणे हा देहाचा गुण आणि मनाची समता हा अंतःकरणाचा गुण. रोगी डॉक्टरच्या मुद्रेवरून आपले भवितव्य वाचत असल्याने पहिला गुण आवश्यक आहे, पण त्यापायी हृदय कठोर होता कामा नये, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आजही प्रत्येक जबाबदारीच्या व्यवसायाला लागू पडतो.

अविचलता हा ब्रिटिशांचा राष्ट्रीय गुण मानला जात असला, तरी वरचा ओठ थरथरू न देण्याचा प्रसिद्ध वाक्प्रचार मुळात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आढळतो. 'अनफ्लॅपेबल' हा शब्द मात्र ब्रिटनमध्ये पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांच्याशी कायमचा जोडला गेला, कारण जानेवारी 1958 मध्ये अर्थमंत्र्यांसह तिघांनी राजीनामे दिल्यावरही ती किरकोळ स्थानिक अडचण असल्याचे सांगून ते राष्ट्रकुल देशांच्या दौऱ्यावर निघाले. 'शांत राहा आणि काम चालू ठेवा' या आशयाचे जे भित्तिपत्रक आज कपांवर आणि सदऱ्यांवर दिसते, ते 1939 मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे 24 लाख 50 हजार प्रतींत छापले, पण युद्धकाळात जवळजवळ लावलेच नाही; 2000 मध्ये अ‍ॅनिक गावातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत सापडल्यावर त्याला कीर्ती मिळाली.

या सर्व शब्दांकडे एकत्र पाहिले, तर ज्यांत भावनाच अनुपस्थित आहे ते शब्द सहज दूषणाकडे झुकतात आणि ज्यांत भावना असूनही तिला आवर आहे ते मानाचे ठरतात, असे दिसते. त्यामुळे मुलाखतीत, शिफारसपत्रात किंवा बातमीत इंग्रजी लिहिताना मराठी लेखकाने कोशातील पहिला समानार्थी शब्द उचलू नये. त्या माणसाचा शांतपणा स्वभावाचा आहे, बेफिकिरीचा आहे की कष्टाने कमावलेला, हे आधी ठरवावे आणि कमावलेल्या शांतपणाला 'कम्पोजर' किंवा 'इक्वॅनिमिटी' हाच त्याचा हक्काचा शब्द द्यावा.