शिव्या पाठ करा, द्वंद्व जिंका

समुद्री चाच्यांच्या गेममध्ये तलवारबाजी म्हटली की बोटांचा वेग आलाच. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये मात्र बोटं आरामात असतात, चालवायची ती जीभ. समोरचा चाचा म्हणतो, तू गवळ्यासारखा लढतोस. त्यावर, बरोबरच आहे, तू गायीसारखा लढतोस, हे उत्तर तुम्हाला सुचलं तर तो एक पाऊल मागे सरतो. उत्तर येत नसेल तर हरायचं, त्याची शिवी लक्षात ठेवायची आणि पुढच्या चाच्यावर ती फेकून त्याच्याकडून उत्तर शिकायचं. खरी गंमत कार्ला या तलवारबाज बाईपाशी. तिच्या शिव्या सगळ्या नव्या, पण शिकलेलीच उत्तरं त्यांना चपखल बसतात. ती अंगातलं रक्त थेंबाथेंबाने पिळून काढायच्या गोष्टी करते आणि गायीचं उत्तर पुन्हा कामी येतं. तमाशातल्या सवाल-जवाबाची रग इथे आहे.

लुकासफिल्म गेम्सने 1990 मध्ये आणलेल्या या गेमचा कर्ता रॉन गिल्बर्ट. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन त्याच्या जोडीला होते. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भाबडा पोरगा चाचा व्हायचं म्हणून मेले बेटावर येतो, एवढंच कथेचं बीज. स्क्रीनवर वर चित्र आणि खाली उघड, ढकल, उचल, बोल अशी क्रियापदं. आधी क्रियापदावर क्लिक करायचं, मग वस्तूवर. ही व्यवस्था ‘मॅनिअक मॅन्शन’साठी 1987 मध्येच तयार झाली होती. तिचं नाव स्कम, आणि मेले बेटावरच्या गुत्त्यालाही तेच नाव देऊन मंडळींनी स्वतःचीच टिंगल केली आहे.

गिल्बर्टचा राग होता तो त्या काळच्या अ‍ॅडव्हेंचर गेमच्या खुनशीपणावर. सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये पाय जरा चुकीचा पडला की मरण. सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली तर पुढे सगळा खेळच अडायचा. 1989 मध्ये त्याने याविरुद्ध एक खरमरीत लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी लेखातलं करून दाखवलं. इथे गायब्रश कड्यावरून कोसळतो, सिएराच्या थाटाची मृत्यूची पाटी झळकते आणि पठ्ठ्या खालच्या रबराच्या झाडावर आपटून पुन्हा वर येतो! एका प्रसंगात त्याला जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकतात. भोवती सुऱ्या-तलवारींचा खच, पण एकीलाही हात पोचत नाही. सुटका अगदी सोपी: मूर्तीच उचलून खिशात घालायची. दहा मिनिटं काहीच केलं नाही तर मात्र तो खरोखर मरतो आणि खालच्या क्रियापदांच्या जागी तरंग, कुज आणि ‘उत्तरांचं पुस्तक मागव’ असे पर्याय येतात.

मरणाची भीती गेली की माणूस काहीही करून बघायला धजावतो. विनोद अशा धजावणाऱ्यालाच सापडतात, म्हणून हा गेम आजही ताजा वाटतो.

पण भीतीबरोबर घाईही गेली, आणि रखडपट्टी शिरली. शिव्यांचा खेळ पहिल्या काही लढतींत भन्नाट. नंतर एकच शिवी चौथ्यांदा ऐकताना जांभई येते. गुत्त्यामागच्या धक्क्यावरचा मासा घ्यायचा तर सैल फळीवर पाय देऊन पक्ष्याला उडवायचं आणि तो परतायच्या आत मासा गाठायचा. युक्ती कळल्यावरही वेळ जमेपर्यंत तेच करत बसावं लागतं. मंकी बेटावर तर गेमचा दमच जातो. होडी वल्हव, नकाशावर मुंगीच्या पावलांनी चाल, माकडाला केळी चार, पुन्हा होडीत बस. मेले बेटावरच्या गर्दीतल्या गप्पांची चटक लागलेली असते, त्यामुळे इथलं ओसाडपण जास्तच जाणवतं. शेवटही चटकन उरकलेला. पळवून नेलेली बिचारी इलेन गव्हर्नर आहे, स्वतःची सुटका तिने स्वतःच जमवत आणलेली असते, आणि आपला नायक धावून जाऊन तिचा बेत पार विस्कटून टाकतो. हा विनोद मला आवडतो. त्यानंतरची मारामारी मात्र पाणचट आहे.

2009 च्या नव्या आवृत्तीत चित्रं रंगवून काढली आहेत आणि पात्रांना आवाज दिला आहे. नवा गायब्रश मला फार गुळगुळीत वाटतो. एफ-10 दाबलं की मूळ ठिपक्यांचा खेळ समोर येतो, तोच खेळा. मंकी बेटावर अडलात तर तासभर डोकं न फोडता एचचं बटण दाबून सूचना घ्या. मेले बेटावर मात्र ते बटण विसरा.