सहा गठ्ठ्यांचं टेबल

सरकारी कार्यालय सुधारायचं म्हटलं की आजकाल आधी संगणक आठवतो, मग ॲप. पण महाराष्ट्रातला या बाबतीतला सगळ्यात गाजलेला प्रयोग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झाला, तो कागद, कापडी रुमाल आणि लोखंडी मांडण्यांच्या भरवशावर. अनिलकुमार लखिना तेव्हा अहमदनगरचे, आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांच्या प्रयोगाला पुढे ‘लखिना पॅटर्न’ हेच नाव पडलं.

त्यात मोठा वाटा होता अभिलेख कक्षाचा. महसूल खात्यात कागद वर्षानुवर्षं साठतो आणि कुठला कागद कुठे आहे ते अनेकदा एखाद्या जुन्या कारकुनालाच ठाऊक असतं. तो रजेवर गेला की जुन्या फेरफाराची नक्कल मागायला आलेला शेतकरी ‘उद्या या’ ऐकून गावाकडे परततो. या घोळावरचा इलाज मुळीच नवा नव्हता. कागदांची अ, ब, क, ड ही वर्गवारी नियमांत होतीच: अ वर्ग कायम जपायचा, ब वर्ग 30 वर्षं, क त्याहून कमी, आणि ड वर्षभरानं नष्ट करायचा. लखिनांनी ती खरोखर पाळायला लावली, एवढंच. त्याच्या जोडीला कर्मचाऱ्यांची बसण्याची रचना बदलली, त्यांना कामाचं प्रशिक्षण मिळालं. हा कित्ता पुढे राज्यभर गिरवला गेला.

याच विचारातली सहा गठ्ठे पद्धत मला जास्त रंजक वाटते, कारण ती थेट लिपिकाच्या टेबलावर येते. टेबलाशी असलेला प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात हवा: कार्यवाही करायची प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणं, ठरावीक मुदतीनं पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात धाडायचं ते, आणि नष्ट करायचं ते. सातवा गठ्ठा नाही. ‘बघू नंतर’ म्हणून खणात सारलेल्या अर्जाला इथे जागाच उरत नाही.

अर्थात मुरलेला माणूस यातूनही वाट काढतो. सोयीची जागा म्हणजे प्रतीक्षाधीन! एक पत्र खालच्या कार्यालयाला ठोकून दिलं की प्रकरण आपल्या अंगावरून गेलं. उत्तर येवो न येवो. म्हणून तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यानं पहिला हात त्याच गठ्ठ्याला घालावा आणि शेवटचं स्मरणपत्र कधी गेलं ते विचारावं.

या सगळ्याची नाडी म्हणजे कार्यविवरण नोंदवही. आलेलं टपाल तीत चढवायचं आणि आठवड्याला गोषवारा काढायचा: मागील शिल्लक किती, नवीन आले किती, निकाली किती, उरले किती. चार आकडे. त्यावर साहेबांची सही हवी, आणि सही करण्यापूर्वी त्यांनी तो वाचायला हवा. माझ्या मते पद्धत जगते किंवा मरते ती इथे. रंगरंगोटी, फलक, उद्घाटन हे एकदा होतं. गोषवारा दर आठवड्याला काढावा लागतो, आणि त्याचा कुणी फोटो छापत नाही. उत्साही अधिकाऱ्याची बदली झाली की पहिली गळते ती हीच सवय.

म्हणून तर तीच जुनी गोष्ट नव्यानं सांगावी लागते. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ राबवलं. त्याच्याही मुळाशी वर्गवारी, गठ्ठे आणि रोजचा निपटारा हेच होतं. कायदाही मधल्या काळात मदतीला आला होता. 2005 च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त अडकू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं अधिसूचित सेवांना मुदत घातली; सबळ कारणाशिवाय ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा यापुढे अर्ज द्याल तेव्हा तारखेची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. चौकशीला जाताना तो क्रमांक सोबत न्या आणि कागद कोणत्या टेबलावर आहे एवढंच विचारा.